कडेचा आकडा

बुडबुड्याचा वरचा घुमट कुणाच्याही सिम्युलेशन-कोडला जमतो. अडतं ते खाली, वाफ, पाणी आणि तापलेली भिंत जिथे एका रेषेवर भेटतात तिथे. फुगता बुडबुडा भिंतीवर पाण्याचा थर मागे ठेवतो. जाडी काही मायक्रॉन, आयुष्य काही मिलिसेकंद. 1961 साली मूर आणि मेस्लर यांना उकळत्या पाण्याखालच्या धातूचं तापमान क्षणात कोसळताना दिसलं आणि त्यावरून त्यांनी हा थर ताडला. 1969 साली कूपर आणि लॉइड यांनी त्याच्या जाडीचं सूत्र मांडलं. भिंत 10 अंश जादा तापलेली असली, तर 3 मायक्रॉनच्या थरातून चौरस मीटरमागे दोन मेगावॅटच्या घरात उष्णता जाऊ शकते. एवढा ऐवज सोडून कसं चालेल?

माझं घोडं अडलंय ते या थराच्या आतल्या कडेशी. तिथे जाडी शून्य, म्हणजे कागदावर बाष्पीभवन अनंत. पाणी भिंतीला चिकटूनच राहतं असं धरलं तर कड सरकायलाच नको. पण कोरडा डाग तर डोळ्यांदेखत पसरतो. मग थोडी घसरण द्यायची, वाफेच्या सीमेवर थोडा रोध ठेवायचा. हे ‘थोडं’ म्हणजे किती, ते ठरवणारे आपणच. गणनेची जाळी, म्हणजे मेश, बारीक करावी, तर सेलची बाजू निम्मी केल्यावर द्विमितीत सेल चौपट होतात, पृष्ठताणापायी टाइमस्टेप तिपटीच्या आसपास आखडते आणि रन अकरापट लांबतो. एवढं करूनही कड नॅनोमीटरमध्ये लपलेलीच.

त्या ‘थोड्या’वर मी वर्षानुवर्षं मिरवलो. माझी रेषा प्रयोगाच्या ठिपक्यांवरून अलगद जायची आणि परिषदेत माना डोलायच्या. मग भवानीनगरकडच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, हा आकडा ठिपके बघण्याआधी धरला होता का नंतर?” उत्तर तिला ठाऊक होतं. मला राग आला तो एवढ्याचाच, की हे आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि ते मला सोयीचं होतं.

हल्लीचे लोक रंगीत चित्रं छान काढतात.  आमची पिढी वाढली ती उष्णता आणि प्रवाहाच्या गणनेवरच्या सुहास पाटणकरांच्या 1980 सालच्या पुस्तकावर. तेव्हा एकेक गुणक हाताने बसवावा लागे. आता मेनूतून पर्याय निवडतात आणि त्याला संशोधन म्हणतात. पण माझं तरी काय? आमचे ठिपके येतात घोटीव सफायरवरच्या शुद्ध पाण्यातून. इकडे माळेगाव, सोमेश्वरच्या साखर कारखान्यांत इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना स्केल धरतं आणि शेवटच्या बॉडीत, म्हणजे पात्रात, उसाचा रस व्हॅक्यूमखाली साठेक अंशांनाच उकळतो. दाब कमी झाला की बुडबुडे मोठे होतात, थराचं महत्त्व वाढतं. वालचंदनगरात साखर कारखान्यांची यंत्रं घडत आली आहेत. तिथून तासाभराच्या अंतरावर बसून मी त्या रसाचा एकही रन केलेला नाही. पाण्यावर पेपर लवकर निघतो.

त्या विद्यार्थिनीने घसरण आणि रोध आधीच लिहून ठेवले, मग रन लावला. तिची रेषा ठिपक्यांच्या बरीच वरून जाते. तरी माझ्या रेषेपेक्षा ती खरी आहे. तिच्या प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून नाव मात्र माझंच लागेल, आणि ते मला हवंच आहे.