तुराट्यांवरचे पेले

बुरशीनाशकाची ती बाटली आठवली की अजून डोकं तापतं. औसा तालुक्यातलं काकांचं शेत, श्रावणाची रिपरिप, बांधावर सरपणाला रचलेल्या तुराट्या. ढिगाच्या बुडाशी कुजक्या काड्यांवर बारीक पेले उगवले होते. तूरवाल्याला बुरशी म्हटलं की झाड सुकवणारा मर रोगच आठवतो. काकांनी मोबाइलवर फोटो काढला आणि दुकान गाठलं.

दुकानदारानं फोटो पाहिला न पाहिला, बाटली काढली. “ढिगावर मारा, बाजूच्या तुरीवर बी मारा.” काडी वाळलेली की झाड उभं? तूर कुठं सुकतीय का? काही म्हणजे काही विचारलं नाही. त्याच फळीवर ट्रायकोडर्माच्या पिशव्या होत्या. तीही बुरशीच, मर येऊ नये म्हणून शेतकरी ती बियाण्याला चोळतात. म्हणजे एक बुरशी पैसे मोजून शेतात न्यायची आणि दुसरी पैसे मोजून मारायची! त्यात बरीच बुरशीनाशकं ट्रायकोडर्मालाही सोडत नाहीत. काका मात्र निमूट पंप मारून आले.

ते पेले सायथस नावाच्या बुरशीचे. करंगळीच्या नखाएवढा पेला, बाहेरून तपकिरी, केसाळ. कोवळेपणी तोंडावर पातळ पापुद्रा असतो. तो फाटला की आत मसुरासारख्या चपट्या, काळसर टिकल्या दिसतात. त्यांतच बीजाणू. पावसाचा टपोरा थेंब नेमका पेल्यात पडला की टिकली मीटरभर लांबही उडते. तिच्यामागचा चिकट दोरा गवताच्या काडीला वेढा घालतो. शेणावर वाढणाऱ्या जातींच्या टिकल्या गवताबरोबर जनावराच्या पोटात जातात आणि बीजाणू शेणातून बाहेर पडतात.

सायथसचं अन्न मेलेलं लाकूड, काडीकचरा. उभ्या तुरीच्या वाटेला ती जात नाही. मर आणणारी फ्युजेरियम उडम निराळी. एडविन बटलर यांनी तिला हे नाव 1910 साली दिलं. ती मातीत राहते, मुळातून वर चढते. सुकणाऱ्या झाडाचं खोड उभं चिरलं तर आत काळपट रेघा सापडतात.

तरी काकांची भीती अगदीच खुळी नव्हती. युरोपात ॲश नावाच्या झाडाच्या गळलेल्या पानांच्या देठांवर असेच इवले पांढरे पेले उगवतात. ती बुरशी पूर्व आशियातली. 1990 च्या दशकात पोलंडमध्ये झाडं वाळू लागली, 2012 मध्ये ही बुरशी ब्रिटनमध्ये आढळली; तिनं खंडभर ॲशची दैना केली.

दुकानदारावरचा रागही आता तेवढा उरला नाही. त्याला तरी हे कुणी शिकवलं? पण चार प्रश्न विचारायला काय पैसे पडतात?

लातूरला, नांदेड जिल्ह्यात पोखर्णीला आणि सगरोळीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. बाटली घेण्याआधी ती काडी तिथं नेऊन दाखवा.