जुन्या विमानास नवें काळीज

आमचा वाडा शंभर वर्षांवरचा. गेल्या दिवाळीस सर्व मंडळी जमली असतां तो पाडून नवी इमारत उठवावी, असा विषय धाकट्या बंधूंनीं काढला. आम्हीं तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविलेलें. जुन्याची बाजू घेणें हा आमचा जणुं कुळाचारच! आम्हीं साफ नकार दिला. तेव्हां विमानांच्या कारखान्यांत काम करणारा आमचा पुतण्या म्हणाला, "काका, तुम्हांला डाकोटा विमानाची गोष्ट सांगतों." ती ऐकतां ऐकतां आम्हांस वाटलें, कीं हा मुलगा आमच्याच पक्षाचा.

गोष्ट अशी. डग्लस कंपनीचें 'डीसी-३' हें विमान अमेरिकेंत १७ डिसेंबर १९३५ रोजीं प्रथम उडालें. दुसऱ्या महायुद्धांत त्याचा लष्करी अवतार दहा हजारांवर बांधला गेला, तोच डाकोटा. २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं आपले जवान श्रीनगरला उतरले, ते याच विमानांतून.

या विमानावर प्रयोग तरी किती व्हावेत! १९४४ सालीं अमेरिकन लष्करानें एकाचीं दोन्हीं एंजिनें काढून टाकलीं आणि दुसऱ्या विमानामागें दोर बांधून त्यास ओढून नेलें. तें बिनएंजिनाचें विमान तरंगलें उत्तम; परंतु त्याची गरजच न उरल्यामुळें प्रयोग तेथेंच थांबला. १९७७ सालीं एकाच्या नाकावर तिसरें एंजिन बसवून पाहिलें. तेंही फारसें पुढें गेलें नाहीं.

फळास आला तो विस्कॉन्सिन राज्यांतील ऑशकॉश येथील बॅस्लर कंपनीचा उद्योग. जुन्या पिस्टनच्या एंजिनांस विशिष्ट पेट्रोल लागतें आणि तें जगाच्या पुष्कळ भागांत दुर्मिळ झालें आहे. म्हणून तेथें तीं एंजिनें उतरवून रॉकेलच्या जातीच्या इंधनावर चालणारीं टर्बाइन एंजिनें व पांच पात्यांचे पंखे बसवितात. नवें एंजिन वजनानें हलकें. त्यामुळें विमानाचा तोल मागें जावयाचा. तो सांवरण्यासाठीं पंखांच्या पुढें धड कापून मध्यें सुमारें ४० इंचांचा नवा तुकडा जोडतात. अशीं विमानें पायांस घसरपट्ट्या लावून आज अंटार्क्टिकाच्या बर्फावर संशोधकांची ने-आण करितात.

आम्हांस व्याकरण आठवलें. 'हृ' धातु तोच, परंतु उपसर्ग बदलतांच आहार, विहार, प्रहार असे निरनिराळे अर्थ उभे राहतात. आम्ही विजयी मुद्रेनें बंधूंकडे पाहिलें. "झालें तर! वाडाही राखावा, आंत नवी सोय करावी."

पुतण्या शांतपणें म्हणाला, "काका, एक सांगावयाचें राहिलें. नवें एंजिन बसविण्यापूर्वीं तें विमान पार उघडतात. गंजलेलें, तडकलेलें सारें काढून टाकतात. धड निर्दोष ठरलें, तरच पुढचें काम. आपल्या तुळया शेवटच्या कोणीं तपासल्या?"

आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं सुतारास बोलाविलें. पुढच्या सोप्याचें सागवान ठोकतांच खणखणीत बोललें. माजघरामागच्या खोलींत मात्र त्यानें पटाशी लावली, ती मुठीपर्यंत आंत गेली. वाळवीनें तुळई पोखरून वर नुसता रंगाचा पापुद्रा ठेवला होता. त्याच तुळईखालीं आमचीं तीन नातवंडें रोज रात्रीं निजत. आमच्या हातापायांस कंप सुटला. आजवर ज्यास आम्ही निष्ठा म्हणत होतों, तो बराचसा आळस होता, हें त्या क्षणीं उमगलें.

मुलांचीं अंथरुणें त्याच रात्रीं पुढच्या सोप्यांत आलीं. मागला भाग आतां पाडला आहे. पुढला राखून त्यास नवी जोड चालू आहे. बंधूंचेंही समाधान झालें.

जुनें तेवढें चांगलें असें नव्हे आणि नवें म्हणून टाकाऊ असेंही नव्हे, पारखून घ्यावें, हा विवेक आम्हीं कालिदासाच्या आधारें तीस वर्षें वर्गांत शिकविला. घरीं मात्र तो आम्हांस पुतण्याकडून शिकावा लागला.