मुक्काम आणि पत्ता

आपल्याकडे पत्रावर नावाखाली ‘मु. पो.’ लिहिण्याची रीत होती. माणूस राहतो ते ठिकाण म्हणजे मुक्काम, त्याची पत्रे येतात ते पोस्ट. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही एकच असल्यामुळे या अक्षरांमधला भेद सहसा जाणवत नाही. मला तो जाणवला २०१८ च्या नोव्हेंबरात, टोकियोमधल्या एका स्वस्त निवासाच्या नोंदवहीत पत्ता लिहिताना.

आठ दिवसांसाठी टोकियोला जायचे ठरले तेव्हा ‘उतरायचे कोठे?’ या प्रश्नावर जाणकारांनी परस्परविरोधी सल्ले दिले. एकाचे म्हणणे, शिन्जुकूच गाठावे. शहराला वळसा घालणारी यामानोते रेल्वे तेथून जाते, आणि मध्यरात्रीनंतर गाड्या बंद झाल्या तरी खोली हाकेच्या अंतरावर असते. (त्या स्थानकातून बाहेर पडण्याचे दोनशेहून अधिक मार्ग आहेत, हे सांगायला मात्र तो विसरला.) दुसर्‍याने उएनो सुचवले: नारिता विमानतळावरून थेट गाडी आणि संग्रहालये पायी जाण्याजोगी. तिसरीचा आग्रह आसाकुसाचा होता, कारण तिच्या मते ‘जुने टोकियो’ तेथेच भेटते. हे जुनेपणही तपासून घ्यावे लागते. सुमिदा नदीकाठची ही सखल वस्ती १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत आणि पुन्हा मार्च १९४५ च्या बाँबहल्ल्यात जळून गेली. सेन्सोजीचे आजचे मुख्य मंदिर १९५८ मध्ये उभारलेले, काँक्रीटचे आहे.

मी निवड केली ती वाचकाच्या हट्टाने. हिगुची इचियो ही लेखिका १८९३ मध्ये आई आणि बहिणीसह र्‍यूसेनजी भागात, योशिवारा या गणिकावस्तीच्या वेशीवर राहायला गेली. लेखनावर घर चालेना म्हणून तिने किरकोळ वस्तूंचे आणि मुलांच्या खाऊचे दुकान मांडले. ते वर्षभरही टिकले नाही. पण त्या वस्तीतली मुले पुढे ‘ताकेकुराबे’ या तिच्या दीर्घकथेत आली. १८९६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ती क्षयाने गेली. ही कथा मी अनेक वर्षे वर्गात शिकवली आहे. त्या दुकानाच्या जागेपासून पायी जाता येईल असा निवास शोधू लागले, तेव्हा सर्वांत स्वस्त खोल्या मिनामी-सेन्जू स्थानकाजवळ निघाल्या. त्या इतक्या स्वस्त का, हे मी विचारले नाही.

उत्तर तेथे पोहोचल्यावर मिळाले. स्थानकाच्या दक्षिणेला नामिदाबाशी नावाचा चौक आहे. नामिदाबाशी म्हणजे अश्रूंचा पूल. कोझुकाप्पाराच्या वधस्थळाकडे नेल्या जाणार्‍या कैद्यांचा आप्त येथे निरोप घेत, असे सांगतात. आज पूल नाही, त्याखालचे पाणीही नाही. चौकाला नाव तेवढे उरले आहे. पलीकडच्या वस्तीचे नेमके उलट झाले. तिचे नाव सान्या. रोजंदारीवरच्या मजुरांची ही वस्ती अजून जागेवर आहे, पण १९६६ मध्ये तिचे नाव अधिकृत पत्त्यांतून काढून टाकण्यात आले. येथल्या निवासांना ‘दोया’ म्हणतात. ‘यादो’ म्हणजे प्रवाशाने उतरण्याची जागा. त्याची अक्षरे उलटी फिरवली की ‘दोया’. ज्याला निवास म्हणवत नाही, असा निवास. मजूर म्हातारे झाले, कामे आटली, आणि यांतल्या काही दोयांनी रिकाम्या खोल्या परदेशी प्रवाशांना द्यायला सुरुवात केली. माझी खोली त्यांतलीच: तीन तातामींची, हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतील एवढी.

भाडे देताना पाकिटातून पाच हजार येनची नोट काढली आणि थबकले. नोटेवर इचियोचा चेहरा होता. २००४ पासून तो त्या नोटेवर होता. २०२४ मध्ये नवी नोट आली. खाऊचे दुकान ज्या बाईला चालवता आले नाही, तिच्याच चेहर्‍याने मी तिच्या शेजारच्या वस्तीत भाडे भरत होते.

त्या खोलीत मला वडिलांची आठवण येणे अपरिहार्य होते. गिरणीच्या दिवसांत ते परळच्या एका गाळ्यात राहत. वाट्याला एक वळकटी आणि खुंटी, जेवण खानावळीत. पत्ता विचारला की मात्र ते कोकणातल्या गावाचा सांगत. मुक्काम परळ, पोस्ट गाव. माझ्या खोलीसमोर राहणारे आजोबा रोज पहाटे बाहेर पडत आणि तासाभराने परत येत. आमच्यात मान लववण्यापलीकडे संभाषण झाले नाही. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी हे शहर उभारायला गावोगावचे मजूर आले, हे मी यू मिरीच्या कादंबरीत वाचले होते. तिचा नायक आयुष्याच्या अखेरीस उएनोच्या बागेत बेघर होऊन राहतो. मिनामी-सेन्जूपासून उएनो मेट्रोने तिसरे स्थानक. आजोबा त्यांपैकी होते की नव्हते, मला ठाऊक नाही. विचारण्याचा अधिकार आहे असेही वाटले नाही.

परतल्यावर ‘इचियोच्या वस्तीत राहून आले’ असे मी वर्गात मिरवले, हे कबूल केले पाहिजे. पुढच्या वर्षी, १२ ऑक्टोबर २०१९ ला, हागिबिस हे चक्रीवादळ टोकियोवर आले. सान्याचा मोठा भाग ज्या ताइतो प्रभागात येतो, तेथल्या निवारा केंद्रात आलेल्या बेघर माणसांना परत पाठवण्यात आले. कारण दिले गेले ते असे, की त्यांचा प्रभागात पत्ता नाही. नंतर प्रभागप्रमुखांनी क्षमा मागितली. ती बातमी वाचताना मला नोंदवहीतली माझी ओळ आठवली. हजारो मैलांवरचा पत्ता लिहून मला किल्ली मिळाली होती.

हल्ली कोणी विद्यार्थी टोकियोला निघाला आणि कोठे उतरावे असे विचारू लागला, तर मी सान्याचे नाव सांगते. जागा स्वस्त आहे, स्वच्छ आहे, मेट्रो जवळ आहे. मात्र जाण्यापूर्वी ‘ताकेकुराबे’ आणि यू मिरी दोन्ही वाचायला सांगते. आणि समोरच्या खोलीतल्या माणसाचे छायाचित्र काढू नये, हेही सांगते.