तीन मिलिमीटरचा ताण

एप्रिल आला की जर्सी सिटीच्या मॉरिस कॅनाल बेसिनमध्ये डोलकाठ्या चढू लागतात. हिवाळाभर आडव्या निजलेल्या काठ्या क्रेन उचलते आणि होड्यांवर बसवते. पेनसिल्व्हेनियाचा कोळसा आणणारा कालवा एकेकाळी इथेच हडसन नदीला मिळत असे. १९२४ साली तो कायमचा बंद झाला. त्याच वर्षी काठावरचं कोलगेटचं ५० फूट व्यासाचं अष्टकोनी घड्याळ सुरू झालं, ते अजून चालतं.

काठी उभी दिसते, पण तिला उभं ठेवतात त्या तारा. पुढून एक, मागून एक आणि दोन्ही अंगांनी जोड्या. एकोणीस पोलादी तंतू पिळून केलेली प्रत्येक तार खाली टर्नबकलमध्ये अडकवलेली असते. टर्नबकल फिरवलं की ताण वाढतो.

आधी शीड चढवायच्या दोराला मोजपट्टी बांधून ती टोकापर्यंत नेतात आणि होडीच्या दोन्ही काठांपर्यंतचं अंतर ताडून पाहतात. ते सारखं भरलं की काठी मधोमध आहे. मग आवळणं. तबला लावताना कोणी एकाच घरावर हातोडी मारत बसत नाही. एक घर, मग समोरचं. इथेही तसंच: डावीकडे अर्धा फेरा, उजवीकडे अर्धा. मधूनमधून काठीच्या बुंध्याशी गाल टेकवून, एक डोळा मिटून, वर बघायचं. कुठे बाक दिसला की पुन्हा किल्ली हातात.

ताण किती, हे मोजायची एक युक्ती फार सुंदर आहे. तारेवर दोन मीटर अंतर मोजून घ्यायचं. ते एक मिलिमीटर वाढलं, की तार तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के ताण आला; तीन मिलिमीटर वाढलं, की १५. तार जाड असो की बारीक, हिशेब तोच. जाड तार भार जास्त पेलते, पण तिला तेवढंच ताणायला जोरही त्याच प्रमाणात जास्त लागतो. साध्या फूटपट्टीवर एवढा विश्वास टाकता येतो!

धक्क्यावर मात्र निम्मंच काम होतं. उरलेलं पाण्यावर. होडी वाऱ्याने कलली की वाऱ्याकडच्या तारा ताठ होतात. पलीकडच्या थोड्या सैलावल्या तर चालतं, लोंबता कामा नयेत. इथे तर फेरीबोटींच्या लाटा दिवसभर आदळत असतात आणि सैल तारेला प्रत्येक लाटेचा हिसका बसतो. म्हणून सैल बाजू जेवढे फेरे आवळायची तेवढे मोजायचे, होडी वळवायची आणि दुसऱ्या अंगाला तेवढेच द्यायचे. कोकणातल्या जुन्या मचव्यांवर आधाराचा दोर वळणागणिक वाऱ्याच्या बाजूला नेऊन नव्याने आवळावा लागे. पोलादी तारेने ती दगदग संपवली, पण लक्ष ठेवण्याचं काम काही संपलं नाही.

अर्थात, नुसत्या लक्षाने भागत नाही असाही समुद्र असतो. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात नौकानयनपटू अभिलाष टॉमी यांची गोव्यात बांधलेली शिडाची होडी ‘थुरिया’ वादळात उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच नौकेने त्यांना सोडवलं. तशा समुद्रात चोख लावलेल्या ताराही पुरल्या असत्या असं म्हणवत नाही. बंदरातला वारा माणसाच्या आवाक्यातला असतो, आणि तिथे हलगर्जीपणाने काठी गमावणं जिवाला लागतं.

शेवटी टर्नबकल आपोआप उलगडू नये म्हणून पिना घालायच्या. त्यांची टोकं वाकवून वर चिकटपट्टी गुंडाळायची, नाहीतर शीड फाटतं. कुणी बाजूच्या तारांची एक जोडी बोटाने छेडून बघतं. डावी आणि उजवी एकाच सुरात वाजल्या, तर त्या दिवशी किल्ली पेटीत जाते.