डोळे गेले, हात राहिले

घरातील वडीलधाऱ्या माणसाची दृष्टी मंदावली, की त्याच्या हातातील काम काढून घ्यावे आणि त्यास माळ देऊन स्वस्थ बसवावे, यास आपण सेवा म्हणतो. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच समजत होतो. परवा नातवाने आणलेल्या एका पुस्तकात नाम्पेयो नावाच्या स्त्रीची हकीकत वाचली, आणि ती समजूत ढळली.

ही बाई अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात, होपी लोकांच्या डोंगरपठारावरील हानो गावी, सुमारे १८६० साली जन्मली. त्या लोकांत घर स्त्रीचे. जावई सासुरवाडीस येऊन राहावयाचा. मातीची भांडी घडविणे हेही बायकांचेच काम, आणि ती विद्या नाम्पेयो आपल्या आजीपाशी शिकली. तेथे चाक नाही. मातीच्या वळ्या एकीवर एक रचून भांडे उभे करावयाचे, गुळगुळीत गोट्याने घोटावयाचे, युक्का नामक झाडाच्या पानाच्या कुंचल्याने रंगवावयाचे, आणि मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंड्यांच्या आचेत भाजावयाचे.

जवळच सिक्यात्की हे फार पूर्वी ओसाड पडलेले गाव होते. १८९५ साली तेथे उत्खननही झाले. तेथील खापरांवरील पक्ष्यांच्या पंखांची नि चोचींची वळणे तिने बारकाईने पाहिली. पण नुसती गिरविली नाहीत. व्याकरण मुरलेला विद्यार्थी स्वतःची वाक्ये रचू लागतो, तसे तिचे झाले. १९०५ साली ग्रँड कॅन्यन येथील ‘होपी हाउस’मध्ये मुलाबाळांसह राहून ती प्रवाशांसमक्ष भांडी घडवी.

पुढे तिची दृष्टी गेली. काम मात्र थांबले नाही. घाट ती बोटांनी चाचपून घडवी. नक्षी ॲनी, नेली व फॅनी या तिच्या मुली काढीत. १९४२ साली ती वारली, तोवर हा क्रम चालला. तिच्या वंशातील माणसे आजही ही कला करतात.

हे वाचताना आम्हांस आमच्या मातोश्री आठवल्या. १९९४ साली काचबिंदूने त्यांचे डोळे गेले. त्यांच्या हातच्या मोदकांची साऱ्या आळीत ख्याती. त्या वर्षीच्या गणेशचतुर्थीस त्या चाचपडत स्वयंपाकघरात आल्या व उकडीची परात मागू लागल्या. आम्ही त्यांचा हात धरून म्हणालो, “आई, हात भाजेल. तू आता स्वस्थ बस.” त्या एवढेच म्हणाल्या, “अरे, डोळे गेले; हात कुठे गेलेत?” आम्ही हसून त्यांस माजघरात नेऊन बसविले. पानावर मोदक वाढले, तेव्हा त्यांनी एक उचलला, त्याच्या कळ्यांवरून बोट फिरविले, आणि न खाता खाली ठेविला. पुढल्या चतुर्थीस त्या नव्हत्या.

आम्ही त्यांस विसावा दिला असे त्या काळी आम्हांस वाटले. वस्तुतः आम्ही त्यांस घरात पाहुणी करून टाकिले. हानोच्या त्या मुलींनी आईचे डोळे होणे पत्करिले. आम्ही मात्र आईचे हात काढून घेतले.

आता आमच्या वहिनींस दिसेनासे होऊ लागले आहे. परवा सूनबाई कळवळ्याने म्हणाली, “सासूबाई, यंदा मोदकांचे आम्ही पाहतो.” वहिनी गप्प राहिल्या. आम्ही मध्येच म्हणालो, “सूनबाई, सारणाचा रंग तू पाहा. उकडीची परात वहिनींपुढे ठेव.”