तलावाकाठी अडकलेला गिअर

आमचे मामूजान मूळचे रत्नागिरीचे. उमेदीची वर्षे त्यांनी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. आता ते मुलाकडे कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातल्या सडबरीला असतात. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही अम्मीला घेऊन त्यांच्याकडे गेलो. सडबरी हे निकेलच्या खाणींचे शहर. भोवती काळे खडक, तलाव आणि दलदल. खडकांच्या फटींत ब्लूबेरीची बुटकी झुडपे फळांनी लगडलेली असतात.

ती वेचायला मामेभावाने आठ चाकांची गाडी काढली. ही जमिनीवर चालते, तशीच पाण्यातही. अंग होडीसारखे बंद, टायर मोठे आणि मऊ. पाण्यात त्या टायरांच्या खाचाच वल्ह्यांचे काम करतात. माणसाच्या चालीने आम्ही तलाव ओलांडला, डबे भरले आणि सूर्य कलताना परतलो.

अलीकडच्या काठावर ओंडका चुकवायला भावाने गाडी जरा मागे घेतली आणि गिअर रिव्हर्समध्येच अडकला. मागे तलाव, पुढे जंगलातली वाट, मोबाइलला रेंज नाही आणि डासांची झुंबड. भाऊ दोन्ही हातांनी दांडा ओढू लागला.

मामूंनी त्याचा हात धरला. "जोर करू नकोस, बेटा. आतला फोर्क वाकला तर रात्र इथेच काढावी लागेल. आधी इंजिन बंद कर."

त्यांनी समजावले ते असे. या गाडीला पायाचा क्लच नसतो. इंजिनाचा वेग वाढला की पुलीवरचा पट्टा आपोआप आवळला जातो. वेग उतरला की सैल पडतो. तो सैल पडला नाही, तर गिअरचे दात एकमेकांवर दाबून राहतात आणि दांडा हलत नाही.

इंजिन बंद होते, तरी पट्ट्यातला ताण उरला होता. आम्ही खाली उतरून गाडी पुढे-मागे हलवली. मामूंनी दांड्यावर नुसता हात ठेवला होता. तिसऱ्या झोक्याला 'खट' आवाज आला आणि गिअर न्यूट्रलमध्ये आला.

मग झाकण काढून, हात लांब ठेवून त्यांनी इंजिन सुरू करायला लावले. अशा वेळी पट्टा जवळजवळ थांबलेला हवा. आमचा गरगर फिरत होता. थ्रॉटलच्या केबलीत चिखल शिरल्याने ती पुरती परत येत नव्हती. इंजिन बंद करून केबल पाण्याने धुतली, चार-पाचदा ओढून मोकळी केली. पुन्हा सुरू केल्यावर इंजिन मंदावले, पट्टा थांबला, गिअर लोण्यासारखा पडला. गिअरबॉक्सचे तेलही पाहिले. ते दुधाळ नव्हते, म्हणजे पाणी आत गेले नव्हते.

घरी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. दुसऱ्या दिवशी भावाने केबल बदलली आणि गिअरच्या सांध्यांना ग्रीस लावले. मामू शेजारी खुर्ची टाकून बसले होते. अम्मीने तोवर ब्लूबेरीचा मुरंबा चढवला होता.