कंसातलं नाव

शाळेत नवीन आलेल्या एका शिक्षिकेने विचारलं, "मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"सांगोल्याकडच्या."

"नाही, त्याच्या आधीच्या?"

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. या वेळी मात्र उत्तर कागदावर शोधायचं ठरवलं आणि दिवाळीच्या सुट्टीत तहसीलच्या अभिलेख कक्षात जाऊन बसले.

माण नदीच्या काठी आमची तीन एकर जिरायत जमीन आहे. जुन्या नोंदीत ती मुलाणी इनाम म्हणून लागलेली. मुलाणी हा गावच्या बलुतेदारांपैकी एक. मशिदीची दिवाबत्ती बघायची, जत्रेत गावाची बकरी हलाल करून द्यायची. त्याबदल्यात सुगीला बलुतं आणि कसायला हा तुकडा. गावाच्या उपयोगाची सेवा इनामं रद्द करणारा कायदा 1953 साली झाला. पुढे सरकारात रक्कम भरून दादांनी जमीन नावावर करून घेतली.

इनाम, वारस, हक्क, मालक: उर्दूच्या तासाला शिकवते ते शब्द तलाठ्याच्या मराठीत भेटत होते. ऊर भरून आला. मिळालं की उत्तर!

मग 1968 चा फेरफार उघडला. दादा वारल्यावर वारस म्हणून दादी, अब्बा, चाचा आणि फुफी. खाली हक्कसोडीची नोंद, आणि सातबाऱ्यावर फुफीच्या नावाला कंस.

फुफी आता ऐंशीच्या पुढे आहे. तिला विचारलं. म्हणाली, "अंगूठा तो लगाई थी. कायके वास्ते, वो किसीने नै बोला." थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "मेरा नाम था क्या उसमें?"

कुराणात बेटीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे, भावाच्या निम्मा. सूरह निसा आमच्या घरात किती वेळा वाचली गेली असेल! पण चाचांना तरी काय बोलणार? अब्बा गेल्यावर 2011 मध्ये मीही हक्कसोडीवर सही केली. फुफीला वाचता येत नव्हतं. मी तर बी.एड. झालेली. भावाचं मन मोडू नये म्हणून न वाचताच सही केली, आणि ईदला त्याने दिलेली साडी आनंदाने नेसले.

परवा सातबाऱ्याची प्रत भावापुढे ठेवली. दोन्ही कंस दाखवले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फुफी जिवंत आहे तोवर काहीतरी करू, आपा."

येत्या रविवारी आम्ही दोघं चाचांकडे जाणार आहोत.